‘यूरा’चं प्रकरण: वाद्यवृंद नसलेल्या देशाचा संगीतकार

१९०७ साली लिथुआनियन संगीतकार आणि चित्रकार मिकालोयुस कोन्स्तान्तिनास चुर्ल्योनिसने ‘यूरा’ पुरी केली. यूरा म्हणजे समुद्र. मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेला हा सिम्फॉनिक पोएम, म्हणजे एखादं दृश्य किंवा कल्पना वाद्यांतून सलग मांडणारी रचना, वाजायला सुमारे अर्धा तास. हाती घेतला होता १९०३ मध्ये. १० एप्रिल १९११ रोजी चुर्ल्योनिस वारला तेव्हा तो ३५ वर्षांचा होता आणि ‘यूरा’ तोवर एकदाही वाजली नव्हती. पहिल्यांदा ती वाजायला १९३६ साल उजाडलं, तेही लिथुआनियातल्या कौनस शहरात आणि दुसऱ्यांनी हात फिरवलेल्या संहितेवरून.

या प्रकरणाची कहाणी बहुतेक ठिकाणी एकाच वळणाने सांगितली जाते. हळवा, प्रतिभावान माणूस. रंगांत सूर बघणारा. संगीत बाजूला सारून चित्रकलेकडे वळला. शेवटी मनाचा तोल गेला आणि सिम्फनी तशीच राहिली. यातली एकेक गोष्ट घडलेली आहे. त्या एकमेकींना ज्या धाग्याने जोडल्या जातात तो धागा मात्र मला पटत नाही. वाद्यवृंदाची रचना कानावर पडायची तर साठ-सत्तर वादक लागतात, त्यांना पगार देणारी संस्था लागते, तालमींचे दिवस लागतात, प्रत्येक वाद्याची वेगळी प्रत उतरवून घ्यावी लागते, छापणारा प्रकाशक आणि तिकीट काढून येणारा श्रोता लागतो. चुर्ल्योनिसच्या हाती यातलं काहीच नव्हतं. आणि ज्याच्याकडून ते मिळण्याची आशा होती तो माणूस १९०२ सालीच गेला होता.

प्लुंगेचा वाडा

चुर्ल्योनिस २२ सप्टेंबर १८७५ रोजी सेनोयी वारेना इथे जन्मला. लिथुआनिया तेव्हा रशियन साम्राज्यात होता. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्या कामापायी कुटुंब द्रुस्किनिन्काईला येऊन स्थिरावलं. नऊ भावंडांत हा थोरला. घरात बोलणं पोलिशमध्ये, कारण थोड्याफार शिकलेल्या लिथुआनियन घरांत तेव्हा तेच चाले.

मुलाचे कान चांगले आहेत हे ओळखून घराच्या परिचयातल्या एका डॉक्टरने त्याला प्लुंगेच्या प्रिन्स मिखाल ओगिन्स्कीपर्यंत पोचवलं. ओगिन्स्कींकडे संगीत पिढीजात होतं. या मिखालचा आजा मिखाल क्लेओफास ओगिन्स्की. मायभूमीचा निरोप घेणारी त्याची पोलोनेझ (पोलिश नृत्याच्या चालीची रचना) पोलंड-लिथुआनियात आजही लोकांच्या तोंडी आहे. नातवाने आपल्या वाड्यावर वाद्यवृंद बाळगला होता आणि त्याला वादक मिळावेत म्हणून शाळा चालवली होती. १८८९ ते १८९३ चुर्ल्योनिस तिथे शिकला. वाद्यवृंदात तो फ्लूट वाजवायचा.

या चार वर्षांना चरित्रांत दोन ओळी मिळतात. मला ती कळीची वाटतात. वाद्यवृंद समोर बसून ऐकणं निराळं, आणि चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्याच्या मधोमध बसून, मात्रा मोजत आपल्या पाळीची वाट बघणं निराळं. मागून हॉर्न कसे येतात, चेलो वाजताना पायाखालची फळी कशी थरथरते, एवढ्या गदारोळात फ्लूटचा आवाज कुठे बुडतो आणि कुठे तरंगतो, हे पुस्तकातून येत नाही. पुढे त्याच्या डोक्यात जे आवाज घोळायचे त्यांचं माप इथेच पडलं. आणि हा वाद्यवृंद सार्वजनिक संस्था नव्हता. एका माणसाच्या हौशीवर आणि तिजोरीवर तो उभा होता.

त्याच तिजोरीतून पुढचं शिक्षणही झालं. १८९४ पासून वॉर्सॉच्या संगीतशाळेत, रचनाशास्त्रासाठी झिग्मुंट नोस्कोव्स्कीच्या हाताखाली. १८९९ मध्ये ‘दे प्रोफुन्दिस’ हा कान्टाटा (गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीची रचना) लिहून पदविका. लगेच लुब्लिनच्या संगीतशाळेचं संचालकपद चालून आलं, ते त्याने नाकारलं. पाठीशी प्रिन्स असताना चोवीस वर्षांच्या माणसाने नोकरी नाकारावी यात नवल नाही. रचनाकाराला नोकरीपेक्षा वेळ प्यारा असतो. १९००-०१ मध्ये त्याने ‘मिश्के’ म्हणजे ‘जंगलात’ हा सिम्फॉनिक पोएम लिहिला. लिथुआनियन संगीतकाराने लिहिलेली पहिली सिम्फॉनिक रचना म्हणून आज तिची नोंद होते. त्या वेळी वॉर्सॉतल्या एका स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं नाही, विशेष उल्लेख मिळाला.

मग १९०१ मध्ये लाइप्झिग. गुरू कार्ल रायनेक, वय ७७, मेंडेलसोन-शूमानच्या जमान्यातला माणूस. शिष्य मात्र बर्लिओझ आणि रिचर्ड स्ट्राउसच्या स्वरलिप्या मिळवून वाचणारा. जर्मन जेमतेम, ओळखीपाळखी नाहीत, मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून एकटेपण डोकावतं. तरी तिथे चार तंतुवाद्यांसाठीचं स्ट्रिंग क्वार्टेट झालं (त्याचा चौथा भाग पुढे हरवला) आणि ‘केस्तुतिस’ या ओव्हर्चरवर, म्हणजे वाद्यवृंदाच्या प्रस्तावनावजा रचनेवर, काम झालं.

१९०२ मध्ये ओगिन्स्की वारला. शिष्यवृत्ती थांबली. चुर्ल्योनिस वॉर्सॉला परतला.

एकाच गुरूचे शिष्य

इथून पुढचा वॉर्सॉचा काळ या प्रकरणाचा गाभा आहे. चुर्ल्योनिसने पोटासाठी पियानोच्या शिकवण्या धरल्या. धाकट्या भावांच्या शिक्षणाचा भारही त्याच्यावर होता. ‘यूरा’ सुरू झाली ती या दिवसांत, शिकवण्यांमधून उरलेल्या वेळात. त्याच सुमारास तो चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागला आणि १९०४ मध्ये नव्याने निघालेल्या वॉर्सॉच्या कलाशाळेत दाखल झाला.

आता कुणी म्हणेल, वॉर्सॉमध्ये वाद्यवृंद होता की. होताच. वॉर्सॉ फिलहार्मोनिक १९०१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं होतं. पण सभागृह शहरात असणं म्हणजे ते आपल्यासाठी उघडणं नव्हे. हे बघायला फार लांब जायला नको. नोस्कोव्स्कीचेच आणखी चार शिष्य घ्या: शिमानोव्स्की, फिटेलबर्ग, रुझित्स्की आणि शेलुतो. १९०५ मध्ये या चौघांनी बर्लिनला स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. पैसा प्रिन्स व्लादिस्लाव लुबोमिर्स्कीचा. फेब्रुवारी १९०६ मध्ये त्यांच्या रचनांचा कार्यक्रम वॉर्सॉ फिलहार्मोनिकमध्ये झाला. फिटेलबर्ग स्वतः वाद्यवृंद चालवणारा, त्यामुळे मित्रांच्या रचना वाजवून घ्यायला घरचाच माणूस.

चौघांनाही त्या कार्यक्रमाने एका रात्रीत कीर्ती दिली असं नाही. पण त्यांनी आपलं लिहिलेलं ऐकलं. शिमानोव्स्की चुर्ल्योनिसहून सात वर्षांनी लहान. चोविसाव्या वर्षाच्या आत त्याच्या नावावर छापील पानं आणि मोठ्या सभागृहातला प्रयोग होता. गुरू एक, शहर एक, वाद्यवृंद एक. फरक एका लुबोमिर्स्कीचा.

१९०६ च्या सुरुवातीला ‘यूरा’ अर्धवटच होती, त्यामुळे त्या कार्यक्रमात तिला जागा मिळायचा प्रश्नच नव्हता हे खरं. आणि दुसरीही एक गोष्ट खरी आहे: चुर्ल्योनिस तेव्हा पोलिश वर्तुळातून मनाने बाहेर पडत होता. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने, आपण आजवर केलेलं आणि पुढे करू ते सगळं काम लिथुआनियाला वाहणार, अशा अर्थाचं लिहिलं आहे. लिथुआनियन भाषा शिकायचा आणि लिथुआनियन ऑपेरा लिहायचा बेतही त्यात आहे. राष्ट्र म्हणून हा निर्णय उदात्त. व्यवसाय म्हणून आतबट्ट्याचा. जिथे सभागृह होतं ते शहर सोडून, जिथे काहीच नव्हतं त्या विल्नियस शहरात तो चालला होता.

एकट्याने करता येण्यासारखं

या वर्षांत त्याने जे पुरं केलं त्याकडे नीट बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. पुरं झालेलं बहुतेक काम एकट्याने, बंद खोलीत, कुणाच्या पैशावाचून होण्यासारखं आहे. पियानोच्या रचना आणि चित्रं.

पियानोचं एक उदाहरण जवळून बघू. १९०४ मधल्या एका व्हेरिएशन्सचं (एकाच धुनेच्या बदलत्या रूपांचं) नाव आहे ‘सेफा एसेक’. हा मंत्र नाही, सांकेतिक लिपी आहे. स्टेफानिया लेश्किएविच या परिचित मुलीचं नाव रोमन लिपीत लिहायचं आणि त्यातली जी अक्षरं स्वरांची नावं म्हणून चालतात तेवढी ठेवायची: एस, ई, एफ, ए, ए, मग ई, एस, ई, सी. जर्मन पद्धतीत ‘एस’ म्हणजे कोमल ई, त्यामुळे तेही बसतं. हे नऊ स्वर झाले बंदिशीचा मुखडा. असा मुखडा कुठल्याही एका सप्तकात सुखाने राहत नाही. कोमल ई आणि शुद्ध ई शेजारीशेजारी येऊन घासतात. चुर्ल्योनिस तो तसाच पुन्हा पुन्हा फिरवतो, खाली-वर थर रचतो, आणि शूमान-शोपँच्या छायेत वाढलेला हा माणूस एकाएकी विसाव्या शतकात येऊन उभा राहतो. दुसऱ्या एका मित्राच्या नावावरून त्याने ‘बेसाकास’ बांधलं. गंमत म्हणून सुरू झालेल्या खेळातून त्याला स्वररचनेची नवी तऱ्हा सापडली. ती वाद्यवृंदावर कशी वाजली असती, हे करून बघायची सोय नव्हती.

चित्रांचं गणित आणखी सोपं. टेम्परा (पाण्यात कालवायचे रंग) किंवा पेस्टल (रंगखडू), आणि खाली कागद नाहीतर पुठ्ठा. कॅनव्हास महाग. १९०८ च्या उन्हाळ्यात तो पुढे त्याची बायको झालेल्या सोफिया किमान्ताइतेबरोबर बाल्टिक किनाऱ्यावर पालांगाला होता; त्याच वर्षी त्याने ‘समुद्राची सोनाटा’ रंगवली. सोनाटा म्हणजे वेगवेगळ्या गतींच्या भागांची वाद्यरचना. तीन चित्रं, नावं संगीतातली: आलेग्रो (जलद), आन्दान्ते (संथ), फिनाले (शेवट). आलेग्रोमध्ये लाटा ओळीने, तालात येतात, वर समुद्रपक्ष्याची सावली. आन्दान्तेमध्ये पाणी स्थिर आहे, क्षितिजावर दोन दिवे, आणि खाली पाण्याच्या पोटात बुडालेलं शहर; एका हाताने शिडाची होडी अलगद धरली आहे. फिनालेमध्ये उभी लाट पंजासारखी वळून लहानग्या होड्यांवर कोसळायच्या बेतात आहे, आणि तिच्या फेसाच्या थेंबांतून त्याची आद्याक्षरं उमटली आहेत. चित्राची उंची पाऊण मीटरच्या आसपास. आकाराच्या मानाने आवाज प्रचंड.

‘यूरा’ एक वर्ष आधी पुरी झाली होती. तोच समुद्र आता वाद्यांवाचून पुन्हा मांडला गेला, तोही सोनाटाच्या क्रमाने, आणि हा मांडलेला समुद्र लोकांना दाखवायला एक भिंत आणि एक खिळा पुरत होता. चित्रकलेचं वेड खरं होतं. तेरा चित्रांची ‘विश्वाची निर्मिती’ ही मालिका त्याने १९०५-०६ मध्ये, ‘यूरा’ लिहीत असतानाच केली होती. सक्तीने कुणी असं रंगवत नाही. पण दोन वेडांपैकी कुठलं पुढे सरकलं याचा निर्णय त्याच्या मनाइतकाच खर्चानेही केला, असं माझं म्हणणं आहे.

विल्नियस: गळे होते, वाद्यं नव्हती

तो १९०७ मध्ये विल्नियसला आला तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. १८६४ च्या सुमारास रशियन सरकारने लिथुआनियन भाषा रोमन लिपीत छापायला बंदी घातली होती. ती उठली १९०४ मध्ये. म्हणजे ‘यूरा’ सुरू झाली तेव्हा या भाषेतलं साधं प्रार्थनापुस्तक देखील सरहद्दीपलीकडून चोरून आणावं लागे. विल्नियस ही जुनी राजधानी, पण १८९७ च्या जनगणनेत शहरातल्या अवघ्या २ टक्के लोकांनी लिथुआनियन ही आपली मातृभाषा सांगितली होती. बाकी यहुदी, पोलिश, रशियन. अशा शहरात लिथुआनियन सिम्फनीला श्रोते कुठून आणायचे?

होतं काय, तर उत्साह. नोव्हेंबर १९०६ मध्ये मिकास पेत्रौस्कासचं ‘बिरुते’ हे पहिलं लिथुआनियन संगीतनाटक हौशी मंडळींनी तिथे उभं केलं. जानेवारी १९०७ मध्ये पहिलं लिथुआनियन कलाप्रदर्शन भरलं, त्यात चुर्ल्योनिसची चित्रं होती. मग कलासंस्था निघाली आणि तो तिच्या कार्यकारिणीत गेला. ‘विल्नियसची कांकलेस’ (कांकलेस हे लिथुआनियन तंतुवाद्य) या मंडळाचा गायकवृंद त्याच्या हाती आला. स्ट्राउसच्या स्वरलिप्या वाचून बसलेला हा माणूस, ज्यांना स्वरलिपी वाचता येते की नाही याचीच खात्री नाही अशांकडून लोकगीतं बसवून घेऊ लागला. त्याने साठेक लोकगीतांना स्वरसाज चढवला.

हे काम त्याने नाइलाजाने उरकलं नाही. चढवलेला साज फार काटकसरीचा आहे. मूळ चालीला तो धक्का लावत नाही, खालून आधार देतो. उपलब्ध साधनांत सुंदर काम कसं करावं याचा हा नमुना. फक्त ही साधनं ‘यूरा’च्या कामाची नव्हती, एवढंच.

१९०९ च्या पहिल्याच दिवशी त्याचं सोफियाशी लग्न झालं. ती लेखिका, त्याचं लिथुआनियन पक्कं झालं ते तिच्यामुळे. दोघांनी मिळून ‘यूराते’ या ऑपेराचा घाट घातला: समुद्राची देवी, तिचा कोळी प्रियकर, आणि वीज पाडून तिचा तृणमण्यांचा महाल फोडणारा मेघगर्जनेचा देव पेरकूनास. पुन्हा समुद्र. पुन्हा वाद्यवृंद, शिवाय रंगमंच आणि गायक. ऑपेरा पुरा झाला नाही.

उरला पर्याय सेंट पीटर्सबर्ग. साम्राज्याची राजधानी, पैसेवाले गिऱ्हाईक, चोखंदळ मंडळी. चित्रकार दोबुझिन्स्कीने त्याला हात दिला, प्रदर्शनांत जागा मिळाली, जाणकारांनी वाखाणलं. विक्री मात्र जेमतेम. तो एका लहानशा खोलीत राहायचा, दोबुझिन्स्कीच्या घरी जाऊन पियानोवर बसायचा. १९०९ च्या शेवटी तब्येत ढासळली. त्याला घरी आणलं, मग वॉर्सॉजवळच्या आरोग्यधामात ठेवलं. १९१० मध्ये मुलगी झाली, ती त्याने पाहिली नाही. १९११ च्या वसंतात न्यूमोनिया झाला आणि तो गेला. गरिबीने त्याला वेड लावलं असं लिहिणाऱ्यांवर मी विश्वास ठेवणार नाही. आजार हा आजार असतो.

न ऐकण्याची किंमत

क्लोद देबुसीनेही आपली ‘ला मेर’ १९०३ मध्येच सुरू केली होती. नावही तेच, समुद्र. ऑक्टोबर १९०५ मध्ये ती पॅरिसला वाजली आणि प्रयोग पडला. तालमी पुऱ्या नव्हत्या, समीक्षकांनी नाकं मुरडली. पण पडलेला प्रयोगही प्रयोगच असतो. देबुसीने तो ऐकला. १९०८ मध्ये स्वतः वाद्यवृंदासमोर उभा राहून रचना पुन्हा वाजवली. नव्या आवृत्तीत दुरुस्त्या केल्या, शेवटच्या भागातल्या तुताऱ्यांच्या काही ओळी काढून टाकल्या. आज जगभर वाजते ती ही ऐकून सुधारलेली ‘ला मेर’.

‘यूरा’च्या वाट्याला हे आलं नाही. कुठे वाद्यांची गर्दी झाली आहे, कुठे एखादी धून तिच्या सोबत्यांखाली दबते, कुठला भाग चार मिनिटांनी लांबला आहे, हे पहिल्या तालमीत कळतं आणि रचनाकार पेन्सिल घेऊन तिथल्या तिथे बदलतो. ती तालीमच झाली नाही. म्हणून पुढे ते काम इतरांनी केलं. १९३६ मध्ये कौनसला संपादित रूप वाजलं. (विल्नियस तेव्हा पोलंडकडे होतं आणि दोन देशांत संबंध तुटलेले, चुर्ल्योनिसची कबर विल्नियसच्या रासोस दफनभूमीत, त्यामुळे कौनसच्या श्रोत्यांना तिथे जायची सोयच नव्हती.) सोव्हिएत काळात संगीतकार एदुआर्दास बाल्सिसने नवी आवृत्ती केली. या लोकांचा हेतू चांगला होता. रचना वाजवण्याजोगी व्हावी, श्रोत्यांनी कंटाळू नये.

तोवर देशात लागणारी यंत्रणाही उभी राहिली होती: १९२० मध्ये कौनसचा ऑपेरा, १९३३ मध्ये तिथली कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे उच्च संगीतशाळा, १९४० मध्ये विल्नियसचा सिम्फनी वाद्यवृंद. चित्रांची सोय त्याआधीच झाली होती. १९२१ मध्ये संविधान सभेने चुर्ल्योनिसच्या नावाचं कलादालन उभारायचा ठराव केला. रचनांच्या हस्तलिखितांवर आयुष्य घातलं ते त्याची धाकटी बहीण यादविगा चुर्ल्योनिते हिने, आणि नंतर विताउतास लान्ड्सबेर्गिस यांनी. त्याच्या रचनांपुढे येणारे सूची-क्रमांक याच लान्ड्सबेर्गिस यांचे. मार्च १९९० मध्ये लिथुआनियाने स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केलं तेव्हा संसदेच्या अध्यक्षपदी होते तेच हे गृहस्थ, पेशाने संगीताचे प्राध्यापक. ‘बिरुते’चं लेखन करणारा गाब्रिएलियुस लान्ड्सबेर्गिस हा त्यांचा आजा.

अलीकडच्या दशकांत मूळ हस्तलिखिताबरहुकूम ‘यूरा’ वाजवण्याकडे कल वाढला आहे. संपादित रूप ऐकायला सोपं आहे. ओघ राहतो, शेवट वेळेवर येतो. मूळ रूपात मध्येच पाणी साचल्यासारखं होतं, लाट येते-येते म्हणताना परत जाते. वाद्यवृंदाच्या संचालकाला यातलं एक निवडावं लागतं. माझं मत मूळ संहितेच्या बाजूने आहे, तिच्या लांबलेल्या जागांसकट. त्या जागा त्याने स्वतः तोडल्या असत्या की राखल्या असत्या, हे ठरवायचा हक्क एकाच माणसाचा होता आणि त्याला तालीम मिळाली नाही. आपण ती आता त्याच्या वतीने उरकून टाकू नये.